लेबलावरचा उंदीर

निडी, ता. रोहा
५ जानेवारी २०२५

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. मोबाईल असताना पत्र कशाला असं म्हणशील. हा विषय फोनवर बोलण्यासारखा नाही. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर, आणि आमच्या ओटीवर बोललेलं थेट निडी स्टेशनात ऐकू जातं. तेव्हा वाच आणि चुलीत घाल.

गेल्या महिन्यात भात झोडताना माझी छाती अशी धडधडायला लागली की मी पेंढ्यावर बसलोच. रोह्याच्या डॉक्टरांनी प्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं. एक पांढरी गोळी दिली, रोज सकाळी एक, कायमची. हा 'कायमची' शब्द मला काही आवडला नाही. आणि ताई, बाबा गेले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षं, चार महिने आणि अकरा दिवसांचे होते. मी मांडून बघितलंय. माझा तो दिवस येत्या तीन मार्चला येतो. बाबा शेतावरून आले, ओटीवर टेकले, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी हे कोणाजवळ बोललो नाही, सीताजवळही नाही. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला तो आकडा समोर येतो. मला भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

आता मुद्दा. आमच्या दारूबंदी समितीच्या ग्रुपवर चिटणीस सखाने एक लेख टाकला. वर लिहिलं की बघा, लोकांची कशी दिशाभूल करतात. दिशाभूल नेमकी कशी करतात ते कळावं म्हणून मी तो तीनदा वाचला. शरीर म्हणे आतून गंजत जातं, आणि अँटिऑक्सिडंट नावाचं द्रव्य तो गंज रोखतं. ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि सालीतून तांबड्या वाइनमध्ये उतरतं. परदेशात उंदरांना देऊन बघितलं तर म्हातारे उंदीर तरणेबांड झाले. फळांत, भाज्यांत, कडधान्यांतही ते असतं, पण तिथेही पुष्कळसं सालीतच.

नऊ वर्षं मी समितीचा अध्यक्ष आहे. या हातांनी दोन गुत्ते बंद पाडलेत. मी रोह्याच्या दुकानासमोर उभा राहिलो तर लोक मला मिरवत गावात आणतील. म्हणून एक बाटली तू पेणहून पाठव. तांबडीच हवी. तुमचा प्रविण कंपनीच्या शिफ्टला नागोठण्याला येतोच, त्याच्याकडे पापडांच्या डब्यात घालून दे, आत काय आहे ते त्याला सांगू नकोस. उत्तर मात्र 'अध्यक्ष, दारूबंदी समिती, निडी' या पत्त्यावर धाड. ती पाकिटं आमच्या घरात कोणी उघडत नाही, मीसुद्धा नाही.

भावोजींना नमस्कार. लोभ असू दे. हे वाचून तो कमी होणार असेल तर आधी बाटली धाड, मग सावकाश कमी कर.

तुझा,
दत्तात्रेय

---

पेण
११ जानेवारी २०२५

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

अध्यक्षमहाराज, तुमचं पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते आकड्याचं वाचून रडू आलं. वेड्या, असा एकटा मोजत काय बसतोस? मी चौसष्ट वर्षांची झाले, मला कोणी विचारायला आलं का? ताई थट्टा करते म्हणजे तिला काही वाटत नाही, असं समजू नकोस. मला फार वाटतं.

तुझ्यापायी काल मी जन्मात पहिल्यांदा वाइनच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. डोक्यावरून पदर, हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. तोंड उघडणार एवढ्यात आमच्या भजनी मंडळातल्या दोघी समोर! काय गो मैना, इथे कुठे, म्हणून विचारायला लागल्या. मी सांगितलं की कोकमाचं आगळ भरायला रिकाम्या बाटल्या बघतेय. दरवर्षी मी तशा बाटल्यांतच भरते, त्यामुळे त्यांना पटलं, आणि दोघींनी आपल्यासाठीही दोन-दोन बघायला सांगितल्या. मग काय, तिथून काढता पाय घेतला. पण तुझी बाटली मी मिळवलीय. कशी मिळवली ते विचारायचं नाही.

माझी अट ऐक. सकाळी डॉक्टरांची गोळी, आणि दिवेलागणीला यातले दोन चमचे. तीन नाहीत. ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी चमचा नाही. माझी शपथ आहे.

यांचे आशीर्वाद. माया आहेच, तिला चमच्याचं माप नाही.

तुझी,
मैनाताई

---

पेण
११ जानेवारी २०२५

चि. सौ. सीतास,
अ. उ. आ.

हे पत्र बचत गटाच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे ते नक्की तुझ्याच हातात पडेल. तुमचे कान्हू पोस्टमन एकाच घरात समितीचं एक आणि गटाचं एक पाकीट देताना काय म्हणतील ते म्हणोत.

तुझ्या नवऱ्याने माझ्याकडे चोरून वाइन मागवलीय, हृदयासाठी. घाबरू नकोस, मी त्याला वाइन पाठवणार आहे होय? भंगारवाल्याकडून एक रिकामी बाटली आणली, सोड्याने तीनदा धुतली. आमसुलं भिजवून त्यांचा दाट रस काढला, मुद्दाम बिनमिठाची घेतली, त्याच्या प्रेशरला मीठ नको म्हणून. त्यात काळा चहा, गूळ, दोन लवंगा, ओव्याचा अर्क आणि झणका यावा म्हणून चमचाभर व्हिनेगर. मी चाखून बघितलं तर माझेच डोळे मिटले. त्याने आयुष्यात वाइन बघितली नाही, त्याला काय कळणार.

लेबल फाटलेलं होतं म्हणून यांना म्हटलं, चार द्राक्षं काढून द्या. चाळीस वर्षं गणपती रंगवतायत, हात काय ऐकतो? द्राक्षांचा घोस झाला, भोवती सोनेरी महिरप झाली, आणि खाली मोकळी जागा दिसली म्हणून यांनी तिथे उंदीर काढला. मोदकाऐवजी त्याच्या हातात द्राक्ष. मी कपाळाला हात लावला. यांचं म्हणणं, उंदराशिवाय खालची बाजू ओकीबोकी वाटत होती. पुसायला वेळ नव्हता, प्रविणची बस आली.

तू फक्त त्याच्या गोळीवर लक्ष ठेव. बाकी त्याचं समाधान होऊ दे. घरातल्यांना आशीर्वाद, आणि आपली माया अशीच गटाच्या पाकिटातून येत-जात राहू दे.

तुझी,
वन्सं

---

निडी
२४ जानेवारी २०२५

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, तू खरी बहीण. बाटली बघितल्याबरोबर माझी खात्री पटली. लेबलावर उंदीर आहे! लेखात ज्या उंदरांचा उल्लेख होता तेच. त्यांनी बाटलीवर छापलंय म्हणजे माल अस्सल. चेहरा किती प्रसन्न आहे त्या उंदराचा, डोळे अगदी आपल्याकडे बघतात.

पहिल्या दिवशी दोन चमचे घेतले आणि पाच मिनिटांत कानशिलं गरम. उठलो तर पडवीतला खांब मला सरकल्यासारखा वाटला. मग मला गाणं सुचलं. मी गाणं म्हटलं म्हणून सीता बाहेर येऊन बघून गेली, जाताना पदर तोंडात कोंबला. नशा वाईट गोष्ट आहे हे मी नऊ वर्षं सांगत आलोय, आता अनुभवाने सांगू शकतो. पण औषध म्हणून घेतोय, इलाज नाही. छाती अगदी हलकी झालीय.

जोडीला सालींचं मनावर घेतलंय. घरात साल फेकायची बंदी. काकडी सालीसकट, दुधी सालीसकट, संत्र्याच्या सालीची चटणी. गेल्या रविवारी आपल्या ऋतुजाला बघायला कासूहून पाहुणे आले, तेव्हा मी वाल सोलू दिले नाहीत. मोड आलेले वाल सालीसकट शिजवायला लावले. सीता म्हणाली की बिरडं सोललेल्या वालाचंच होतं, असलं पानात वाढलं तर पोरीचं लग्न मोडेल. मी तिला सांगितलं की अडाण्यासारखं बोलू नकोस, त्या सालीत आयुष्य आहे. पाहुणे फारसं बोलले नाहीत. बहुधा चवीत गुंग असतील.

गोळीचं बजावलं होतंस. गोळ्या व्यवस्थित आहेत.

बाटली अर्ध्यावर आलीय, दुसरीच्या तयारीला लाग. उंदीर असलेलीच कंपनी बघ, दुसरी नको. तुझा लोभ या बाटलीसारखा अर्ध्यावर येऊ नये, एवढंच मागणं.

तुझा,
दत्तात्रेय

---

निडी
२८ जानेवारी २०२५

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

तुमच्या बाटलीने घरात काय काय झालं ते आता माझ्या तोंडून ऐका.

आधी पाहुण्यांचं. नवऱ्या मुलाचे, कासूच्या रितेशचे आजोबा, जनूआजोबा, नव्वदीला आलेत. आमच्या बिरड्याची साल त्यांच्या कवळीत अडकली. बिचाऱ्यांनी भर पंगतीत कवळी काढून वाटीत ठेवली. ह्यांनी त्यांना काय सांगावं? साल थुंकू नका, गिळा, गंज जाईल! आजोबांना वाटलं की ह्यांनी आपल्याला गंजलेला म्हटलं. पोरीचा चेहरा बघवत नव्हता. अजून कासूहून निरोप नाय.

मग परवा सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, आनि हे उभे राहिले. म्हणाले की मी दारूबंदी समितीचा अध्यक्ष असूनही रोज दोन चमचे दारू पितो, माझं मन मला खातं, मी राजीनामा देतो. सखा चिटणीस रडायला लागला. आपला वाडीतला नितेश, जो सकाळपासून पिऊन असतो, तो पुढे आला आनि ह्यांच्या गळ्यात पडून म्हणाला की भाऊ, सुटेल, धीर धर. मी बायकांत बसलेली. हसू की रडू कळेना. सांगितलं असतं तर तुमचं बिंग फुटलं असतं, म्हणून गप्प बसले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण वन्सं, काल मी वालाचं बियाणं बघायला डबा उघडला, तर त्यात गोळ्या. बारा. पांढऱ्या वालांत पांढऱ्या गोळ्या. त्यांनी तुम्हाला व्यवस्थित हायत म्हणून लिहिलं असेल, तर खरंच व्यवस्थित हायत. मी विचारलं तर म्हणतात की वाइन लागू पडलीय, आता दोन-दोन औषधं कशाला. आरोग्य केंद्राच्या आशाताई पिंकीला बोलावून प्रेशर मोजलं. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. पिंकीने दोनदा मोजलं, तिचाच चेहरा उतरला. त्यांना सांगितलं तर म्हणाले की मशीन बिघडलंय.

मला आता खूप भ्या वाटतं. माझं ते ऐकणार नायत. बाटली तुम्ही भरलीत, तुम्हीच फोडा, आनि लौकर. रागावले नाय मी तुमच्यावर. पण लौकर.

तुमची,
सीता

---

पेण
३१ जानेवारी २०२५

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

खाली बस आणि मग वाच. तू पितोस ती वाइन नाही. आमसुलांचा रस आहे, काळा चहा, गूळ आणि ओवा. मी माझ्या हाताने केलाय. तो उंदीर तुझ्या भावोजींनी काढलाय, त्यांना सवय आहे म्हणून. तुला चढली ती आमसुलं, दत्तू. खांब सरकला नव्हता.

तुझी समजूत काढावी, गोळीची शपथ घालावी आणि तुझं मन रमवावं, असा माझा विचार होता. शहाणपणा नडला. माझ्या लबाडीमुळे तू गोळी सोडलीस हे सीताच्या पत्रातून कळलं तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं? चूक माझी आहे. पाहिजे तेवढा राग धर, बोलू नकोस, पण गोळी घे.

आणि आता एक गोष्ट, जी आईने मला कोणाला सांगू दिली नाही. बाबांनाही प्रेशर होतं. नागोठण्याच्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या होत्या. बाबा म्हणायचे की मी काय म्हातारा झालोय? ते गेल्यावर त्यांची बंडी धुवायला मी घेतली, तेव्हा खिशात कागदाची पुडी निघाली. सगळ्या गोळ्या तशाच. तू अठरा वर्षांचा होतास, रडून रडून तुला ताप आला होता, तेव्हा आईने ती पुडी चुलीत टाकली आणि दत्तूला सांगू नकोस म्हणून मला बजावलं. चाळीस वर्षं मी हे गिळून बसले. तू जो आकडा मोजत बसतोस ना, त्या आकड्याने बाबांना नेलं नाही रे. त्या पुडीने नेलं.

डब्यातल्या गोळ्या फेकून दे, नवीन आण, डॉक्टरांना सगळं खरं सांग. लोभाचं मी काय लिहू? या वेळी तूच ठेवलास तर आहे.

मैनाताई

---

पेण
१४ फेब्रुवारी २०२५ (पोस्टकार्ड)

चि. दत्तू, आशीर्वाद. चौदा दिवस झाले, उत्तर नाही. फोन केला तर तू उचलून सीताकडे देतोस. ती म्हणते गोळी घेतोय. तेवढ्यावर मी दिवस ढकलतेय. कार्ड मुद्दाम उघडं टाकलंय, कान्हू पोस्टमनने वाचावं आणि तुला चार शब्द सुनवावेत. देवळातल्या नारायणालासुद्धा एवढी विनवणी केली नव्हती. - मैनाताई

---

निडी
४ मार्च २०२५

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान्हूने तुझं कार्ड मला वाचून दाखवलं, आणि मग चार नाही, चाळीस शब्द सुनवले. तरी मी लिहिलं नाही. राग होता. आमसुलांचा नव्हता, पुडीचा होता. तो राग तुझ्यावरही नव्हता हे कळायला मला महिना लागला.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी सीताला घेऊन रोह्याला गेलो. बाटली बरोबर नेली. डॉक्टरांनी लेबल बघितलं आणि आधी पोट धरून हसले. मग चांगलं झापलं. द्राक्षाच्या सालीत गुण आहेत, नाहीत असं नाही. पण त्या उंदरांना जेवढं दिलं होतं तेवढं वाइनमधून मिळवायचं तर माणसाला दिवसाला शेकडो बाटल्या लागतील, आणि दारूने प्रेशर वाढतं ते वेगळंच. हृदयासाठी म्हणून कोणी प्यायला लागू नये, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फळं, भाज्या, कडधान्यं भरपूर खा, बिनमिठाचं कोकमही खुशाल घ्या, पण गोळीच्या जागी यातलं काहीच चालायचं नाही. वालाच्या सालीबद्दल मी विचारलं. ते म्हणाले की तुमची सौभाग्यवती सांगेल ते ऐका. आता रोज सकाळी सीता हातावर गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. परवा पिंकीने मोजलं तर वरचं एकशे चौतीस. मशीन दुरुस्त झालं वाटतं.

अब्रूचं मात्र विचारू नकोस. सखाला बोलावून सांगितलं की ती दारू नव्हती, कोकम होतं. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की भाऊ, सगळे असंच म्हणतात. गावात कोणी विश्वास ठेवत नाही. उलट आता निडीत जो झिंगून येतो तो बायकोला सांगतो की मी कोकम प्यायलोय, अध्यक्षांचं. एक नितेश तेवढा त्या दिवसापासून प्यायलेला नाही. तो रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसतो, मला धीर द्यायला. मी त्याला खरं सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. तो येतोय तोवर मी सुधारत राहीन.

आणि कासूहून होकार आला! जनूआजोबांनी निरोप धाडला की जो माणूस भर सभेत आपली चूक कबूल करतो त्याच्या घरची पोर आम्हाला पाहिजे. अट एकच, लग्नात बिरडं सोललेल्या वालाचं. सीता हे वाक्य मला रोज जेवताना ऐकवते. वाल सोलायला तू आठ दिवस आधी यायचं आहेस.

आता खरं सांगायचं ते सांगतो. काल तीन मार्च होता. मी शेवटी सीताला त्या आकड्याचं सांगून टाकलं होतं. सकाळी उठलो, ओटीवर आलो, तर माझ्या बसायच्या जागेशेजारी पाण्याचा भरलेला तांब्या. मी शेतावर गेलो तर बांधावर तांब्या. परत आलो, ओटीवर टेकलो, आणि मागायच्या आधी तांब्या हातात. दिवसभर पाणी पीत होतो, ताई. दिवसभर बांधाच्या आडोशाला धावत होतो. मरायला सवडच मिळाली नाही.

आणि आज उजाडलं. आंघोळ केली, गोळी घेतली आणि बाबांच्या फोटोसमोर उभा राहिलो. आजपासून मी त्यांच्यापेक्षा एका दिवसाने मोठा आहे. नेहमीसारखे हात जोडले, पण मग राहवलं नाही. धाकट्याला रागावतात तसं पहिल्यांदा त्यांना रागावलो, गोळी का नाही घेतलीत म्हणून. खूप वेळ रागावलो. सीता दारात उभी राहून रडत होती, आणि तिच्या हातात तांब्या होता.

भावोजींना सांग की एक बाटली अजून पाठवा, लग्नातल्या सरबतासाठी. उंदीर विसरू नका म्हणावं. तुझ्या लबाडीसकट तुझा लोभ मला हवा आहे, सालीसकट.

तुझा, आता घरातला सगळ्यात थोर पुरुष,
दत्तू